धुऱ्यावरचे ते दगड म्हणजे कुणाच्या तरी कबरी आहेत
चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलातल्या महापाषाण संस्कृतीची ओळख

तेंदूपत्त्याच्या हंगामात फडावर, बांबूच्या कामावर, धानाच्या खरेदीला किंवा नुसतंच नातेवाइकांकडे, आपल्यापैकी कितीतरी जणांचं चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या जंगलभागात जाणं-येणं असतं. अशा प्रवासात कधी शेताच्या धुऱ्यावर, कधी झुडपी जंगलात काही वेगळेच दगड दिसतात. मोठाले दगड गोलाकार रचलेले असतात, किंवा उभ्या शिळांवर एक जाड आडवी शिळा ठेवलेली असते, किंवा एकच उंच दगड जमिनीत रोवलेला असतो. गावात विचारलं तर कुणी सांगतं पांडवांनी ठेवले, कुणी म्हणतं राक्षसाचं घर होतं, आणि कुणीतरी आवाज बारीक करून सांगतं की खाली धन आहे.

खाली धन नाही. खाली माणसं आहेत. अडीच-तीन हजार वर्षांपूर्वी याच मातीत राहिलेल्या, इथेच मेलेल्या आणि आपल्या लोकांनी मोठ्या कष्टाने दफन केलेल्या माणसांच्या त्या कबरी आणि स्मारकं आहेत. त्यांची भाषा आपल्याला माहीत नाही, त्यांचं एकही नाव उरलेलं नाही. त्यांनी काही लिहून ठेवलं नाही. ते कोण होते हे सांगणारी गोष्ट एकच, हे दगड आणि त्यांच्या खालची माती. आणि आज हेच दगड ट्रॅक्टरच्या नांगराखाली, जेसीबीच्या बादलीखाली आणि गुप्तधनवाल्यांच्या कुदळीखाली चालले आहेत. म्हणून हा विषय आम्ही आज आपल्या वाचकांपुढे मांडतो आहोत.

महापाषाण म्हणजे काय?

महा म्हणजे मोठा, पाषाण म्हणजे दगड. मोठे दगड वापरून कबरी किंवा मृतांची स्मारकं उभारणाऱ्या लोकांच्या संस्कृतीला अभ्यासक महापाषाण संस्कृती म्हणतात. हे नाव आपण दिलेलं आहे. ते लोक स्वतःला काय म्हणत, हे कळायला मार्ग नाही.

विदर्भात या संस्कृतीचा काळ ढोबळमानाने इ.स.पू. १००० ते इ.स.पू. ३०० असा धरला जातो. म्हणजे अशोकाचे शिलालेख कोरले जाण्याच्या आधीची ही सहा-सातशे वर्षं. आपल्या वाचकांना अंदाज यावा म्हणून सांगतो. इतिहासकार हजरत दाऊद (अ.स.) यांचा काळ साधारण इ.स.पू. १००० च्या आसपास मानतात. विदर्भात हे दगड रचायला सुरुवात झाली, ती त्याच सुमाराला.

या स्मारकांचे मुख्य प्रकार तीन. पहिला, शिळावर्तुळ. मोठे धोंडे गोलात मांडायचे, मधे दफन करायचं आणि वरून माती-दगडांचा ढीग घालायचा. हे गोल दहा-बारा पावलांपासून वीस-पंचवीस पावलांपर्यंत रुंद असतात. दुसरा, डोल्मेन. उभ्या शिळा आणि त्यांच्यावर छपरासारखी आडवी शिळा, जणू दगडाचा मांडव. तिसरा, उभा दगड. मृताच्या आठवणीसाठी रोवलेला एकच उंच दगड. याशिवाय जमिनीत चारही बाजूंनी शिळा लावून केलेल्या पेटीसारख्या कबरीही असतात.

नागपूरच्या आसपास शिळावर्तुळं जास्त दिसतात. पूर्वेला चंद्रपूर-गडचिरोलीकडे सरकलं की त्यांच्या जोडीला डोल्मेन, दगडी पेट्या आणि उभे दगड भेटू लागतात. यात जमिनीचाही हात असावा. नागपूरकडे काळा बेसाल्ट आहे, त्याचे गोल धोंडे सहज मिळतात. पूर्वेकडचा खडक वेगळा, तिथे वालुकाश्म आणि जांभा आहे, आणि त्यातून सपाट शिळा निघू शकतात. जे हाताशी होतं त्यातून माणसाने आपल्या माणसासाठी कबर बांधली.

चंद्रपूर आणि गडचिरोलीत काय आहे?

चंद्रपूर जिल्ह्यात चिमूर तालुक्यातल्या हिरापूर गावाजवळ डोल्मेन आहेत. विदर्भातल्या महापाषाणांचा अभ्यास करणारे आज हिरापूरचं नाव आवर्जून घेतात, कारण महाराष्ट्रात डोल्मेन तशी कमीच. गडचिरोली जिल्ह्यात चामोर्शीला दगडी पेट्यांच्या कबरींचं जुनं दफनस्थळ आहे आणि त्याची नोंद इंग्रजांच्या काळापासून आहे. १८७० च्या दशकात भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे पहिले प्रमुख अलेक्झांडर कनिंगहॅम या मुलखात फिरले आणि इथल्या प्राचीन अवशेषांची माहिती त्यांनी आपल्या अहवालात लिहून ठेवली.

जुने कागद शोधणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं. गडचिरोली हा वेगळा जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी झाला. त्याआधीच्या सगळ्या नोंदींत ही गावं चांदा किंवा चंद्रपूर जिल्ह्यातच सापडतील.

इथे अजून एका ठिकाणाचं नाव घ्यायला हवं, ते म्हणजे चंद्रपूर शहराला लागून असलेली पापामियां टेकडी. नावातच मियां आहेत, त्यामुळे चंद्रपूरच्या आपल्या लोकांना ती चांगली ओळखीची. पण या टेकडीवर आणि झरपट नाल्याच्या काठाला जे सापडलं ते महापाषाण काळाचं नाही, त्याच्याही फार फार आधीचं आहे. तिथे अश्मयुगातली दगडी हत्यारं मिळाली आणि गेल्या शतकात पुरातत्त्व सर्वेक्षणाने तिथे उत्खननही केलं. ही हत्यारं घडवणाऱ्या माणसाला शेती माहीत नव्हती, मडकं माहीत नव्हतं, लोखंड तर नव्हतंच. शिकार करायची आणि जंगलात मिळेल ते वेचून खायचं. तेव्हा दोन्हींची गल्लत नको. पापामियां टेकडी ही दगडाच्या हत्यारांची गोष्ट, आणि धुऱ्यावरचे गोल दगड ही लोखंड वापरणाऱ्या, शेती करणाऱ्या, घोडे बाळगणाऱ्या लोकांची गोष्ट. दोन्हींमधलं अंतर इतकं मोठं आहे की त्यापुढे हे लोक आपल्याला जवळचेच वाटावेत.

हे सगळं उजेडात कसं आलं?

याची सुरुवात एका मिशनरी माणसापासून होते. रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप. नागपूरचं हिस्लॉप कॉलेज यांच्याच नावाचं. १८४७ च्या सुमारास त्यांनी नागपूरच्या दक्षिणेला टाकळघाटची काही शिळावर्तुळं खणून पाहिली. पुढे सप्टेंबर १८६३ मध्ये ते पुन्हा ही वर्तुळं पाहायला टाकळघाटला गेले आणि परत येताना बोरीजवळ पूर आलेल्या नाल्यात बुडून मरण पावले. कबरींचा शोध घेणारा माणूस त्याच वाटेवर गेला. त्याच वर्षी नागपूरचं मध्यवर्ती संग्रहालय, म्हणजे आपला अजब बंगला, सुरू झालं. विदर्भातल्या महापाषाण काळातल्या वस्तू आज तिथे पाहायला मिळतात.

त्यानंतर रिव्हेट-कार्नॅक नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने नागपूरजवळच्या जुनापाणीची वर्तुळं उकरली. काटोल रोडवरच्या या एकाच जागी सुमारे ३०० शिळावर्तुळं आहेत. १९६१-६२ मध्ये पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या बी. के. थापर यांनी तिथे शास्त्रशुद्ध उत्खनन केलं. जुनापाणीच्या काही धोंड्यांवर वाटीसारखे छोटे खळगे ओळीने कोरलेले आहेत. सूर्याच्या दिशांशी त्यांचा संबंध असावा असं काही शास्त्रज्ञ मांडतात, पण तो विषय अजून चर्चेत आहे.

खरं मोठं काम झालं ते नागपूर विद्यापीठाच्या काळात. प्रा. शां. भा. देव यांच्या नेतृत्वाखाली १९६८-६९ मध्ये टाकळघाट-खापा, १९७० ते ७२ मध्ये माहूरझरी आणि मग १९७८ ते ८० मध्ये अ. प्र. जामखेडकर यांच्यासोबत पेंच नदीकाठचं नायकुंड अशी उत्खननं झाली. पुण्याच्या डेक्कन कॉलेजनेही पुढे यात मोठी भर घातली. आज या लोकांबद्दल जे काही आपण जाणतो ते बहुतेक नागपूर जिल्ह्यातल्या या जागांमुळे. चंद्रपूर-गडचिरोलीत असं मोठं काम फार कमी झालं आहे. म्हणजे इथल्या दगडांखाली जे आहे ते बहुतांशी अजून कुणी वाचलेलंच नाही. न वाचलेलं पुस्तक फाडलं गेलं तर त्यात काय होतं हे कुणालाच कधी कळणार नाही. इथलं नुकसान अशा जातीचं आहे.

कबरींमध्ये काय सापडतं?

आधी हाडं. बऱ्याचदा पूर्ण सांगाडा नसतो, तुटक हाडं असतात. अभ्यासकांचं म्हणणं असं की कित्येकदा मृतदेह आधी दुसरीकडे ठेवत आणि नंतर उरलेली हाडं गोळा करून इथे दफन करत. एकाच वर्तुळात एकापेक्षा जास्त माणसांची हाडंही मिळतात. घराण्याची किंवा टोळीची सामायिक जागा असावी तशी.

सोबत मडकी. आतून काळी आणि बाहेरून काठाला काळी, खाली तांबडी अशी भांडी या लोकांची ओळखच आहे. मडक्यांत काय ठेवलं असेल? बहुधा अन्न-पाणी. मेलेला माणूस कुठेतरी पुढे जातो आणि वाटेत त्याला लागेल, अशी काहीतरी त्यांची समजूत असावी.

मग लोखंड. कुऱ्हाडी, खंजीर, भाल्याची पाती, पटाशी, विळे. विदर्भाच्या कुऱ्हाडींची एक खास खूण आहे. पात्याला दांडा बसवण्यासाठी त्यावर लोखंडी पट्ट्यांच्या फुलीसारख्या कड्या आवळलेल्या असतात. कुऱ्हाडीचा दांडा ढिला होतो ही जंगलात काम करणाऱ्या कुणालाही माहीत असलेली कटकट. या लोकांनी तिच्यावर असा तोडगा काढला होता.

माहूरझरीला घोडे सापडले. माणसाबरोबर पुरलेले घोडे, आणि त्यांच्या डोक्यावर तांब्याचे दागिने. घोड्याच्या तोंडातले लगामाचे लोखंडी भाग मिळाले. तांब्याच्या घंटाही मिळाल्या. ज्याच्यासोबत असा शृंगारलेला घोडा पुरला, तो टोळीतला मानाचा माणूस असणार. म्हणजे त्यांच्यातही लहान-मोठा होता. कुणाच्या कबरीत सोन्याचा दागिना, तर कुणाच्या कबरीत दोन मडकी.

आणि मणी. माहूरझरी हे मणी बनवण्याचं मोठं ठिकाण होतं, आणि हे मणी कशाचे? अकीकचे. तोच अकीक, जो आपले बुजुर्ग चांदीच्या अंगठीत घालतात. लाल अकीक, पट्ट्यांचा अकीक, त्यावर पांढऱ्या रेघांची नक्षी काढलेले मणी. अडीच हजार वर्षांपूर्वी विदर्भात बसून कुणीतरी हा दगड घासून, भोक पाडून, चकचकीत करत होतं.

लोखंड कसं बनत होतं?

या लोकांची सगळ्यात मोठी कामगिरी कोणती, असं कुणी विचारलं तर आम्ही दगडांचं नाव घेणार नाही, लोखंडाचं घेऊ.

नायकुंडला लोखंड गाळण्याची भट्टी सापडली. साधारण इ.स.पू. सातव्या-सहाव्या शतकातली. मातीच्या बाकदार विटांनी बांधलेली गोल भट्टी, आत हवा फुंकण्यासाठी मातीच्या नळ्या, आणि आजूबाजूला लोखंडाचा मळ. काम असं चाले. खनिज फोडून बारीक करायचं. भट्टीत कोळसा आणि खनिज थरावर थर घालायचं. खालच्या नळीतून भात्याने हवा मारत राहायची. आच वाढली की कोळशाचा वायू खनिजातला प्राणवायू ओढून घेतो आणि लोखंड मोकळं होतं. पण ते पाण्यासारखं वितळत नाही. मऊ, स्पंजासारखा गोळा बनतो. तो तापलेला असतानाच हातोड्याने ठोकून ठोकून त्यातला मळ बाहेर काढायचा, मग त्याची कुऱ्हाड किंवा विळा घडवायचा. हे घरातल्या चुलीवरचं काम नाही. यासाठी कारागीर लागतो, त्याचा शागीर्द लागतो आणि बापाकडून मुलाकडे जाणारं ज्ञान लागतं.

आता चंद्रपूर-गडचिरोलीकडे पाहा. एटापल्ली तालुक्यातला सूरजागडचा डोंगर, चंद्रपूरचा लोहारा, या लोहखनिजाच्या जागा आज सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहेत. गावाचं नावच लोहारा. खनिज जमिनीच्या वर, कोळशासाठी जंगल बाजूला, पाणी नदीचं. लोखंड करणाऱ्या माणसाला याहून चांगला मुलूख कुठला?

कुरआनमध्ये एका सूरहचं नावच अल-हदीद, म्हणजे लोखंड, आहे. त्यात लोखंडाचं सामर्थ्य आणि माणसाला त्याचे होणारे फायदे यांचा उल्लेख आहे. सूरह सबामध्ये हजरत दाऊद (अ.स.) यांच्यासाठी लोखंड मऊ केल्याचं सांगितलं आहे. ज्या काळाची ती आठवण, त्याच्या आगेमागेच आपल्या या जंगलपट्टीतही माणूस लोखंड मऊ करायला शिकत होता. ही गोष्ट मुलांना सांगण्यासारखी आहे.

ते राहत कुठे होते?

कबरी शेकड्याने सापडतात, घरं मात्र फार थोडी. कारण घरं लाकूड, बांबू आणि मातीची. ती गेली. दगड फक्त मेलेल्यांसाठी वापरला, म्हणून तो उरला. नायकुंड आणि भागीमोहारी इथे वस्तीचे पुरावे मिळाले. लाकडी खांब रोवून केलेली गोलसर घरं होती. गहू, तांदूळ, जव आणि कडधान्यांचे जळालेले दाणे सापडले. गाई-बैल, शेळ्या-मेंढ्यांची हाडं मिळाली. म्हणजे शेती होती, जनावरं होती, शिकारही चालत असणार.

विदर्भाच्या पूर्वेला हे थोडं फार नवल वाटायला नको. आजही गडचिरोलीच्या आतल्या गावात बांबूच्या तट्ट्यांना माती लिंपलेलं घर दिसतं. ते पडलं की चार पावसाळ्यांत त्याची खूणही राहत नाही.

मेलेल्या माणसासाठी दगड उभा करण्याची रीत तर इथे संपलेलीच नाही. भामरागडच्या बाजूला माडिया समाज आजही आपल्या मृतांच्या आठवणीसाठी दगड उभे करतो. यावरून लगेच असं म्हणता येत नाही की तीन हजार वर्षांपूर्वीचे लोक हेच. मधे फार काळ गेला आहे, आणि तेवढा पुरावा हातात नाही. पण मेलेल्याची आठवण दगडात ठेवण्याची ओढ या मातीत किती खोल आहे, हे मात्र त्यातून दिसतं. म्हणून जंगलात उभा दगड दिसला तर तो नवा असो वा जुना, कुणाच्या तरी घरचा दगड आहे असं समजून वागावं.

आपला याच्याशी काय संबंध?

हा प्रश्न आपल्याकडे नक्की विचारला जाईल. ते लोक ना आपल्या दीनचे, ना आपल्या नात्याचे. आपल्या कब्रस्तानांच्याच भिंती पडल्या आहेत, जागेसाठी धावपळ चालू आहे, त्यात हे जुने दगड कशाला?

आम्ही आलिम नाही. दीनचा बारकावा आलिमांनाच विचारावा. पण काही गोष्टी आपल्या सगळ्यांना माहीत आहेत. कुरआन ठिकठिकाणी सांगतो की जमिनीवर फिरा, पाहा. सूरह अल-अनकबूतमध्ये निर्मितीची सुरुवात कशी झाली ते फिरून पाहायला सांगितलं आहे. सूरह अर-रूममध्ये आधीच्या लोकांकडे बोट दाखवलं आहे, जे ताकदीने मोठे होते, ज्यांनी जमीन कसली आणि वसवली. आपल्या आधीही लोक होऊन गेले, आपणही जाणार, ही नसीहत त्यात आहे. सूरह फातिरमध्ये प्रत्येक उम्मतकडे सावध करणारा आला असं म्हटलं आहे. विदर्भाच्या या लोकांकडे कोण आला, त्यांनी काय मानलं, याचा फैसला करणारे आपण कोण?

काही जण म्हणतील की समूद कौमच्या अवशेषांजवळून जाताना रसूलुल्लाह (स.) यांनी सहाबांना रडत, भीती बाळगून जायला सांगितलं होतं, मग अशा जागांमध्ये रस का घ्यावा? बरोबर आहे, तमाशा म्हणून, सेल्फीसाठी जाऊ नये. पण ती गोष्ट अज़ाब आलेल्या कौमची होती. आणि तिथेही त्या जागेजवळून मन ठेवून जायला शिकवलं आहे, ती फोडून टाकायला नाही. आज सौदी अरेबियातच अल-जौफ भागात रजाजिल नावाच्या जागी हजारो वर्षांपूर्वीचे उभे दगड सरकार जपून ठेवतं.

दुसरी गोष्ट हदीसमधली. एकदा एक जनाजा समोरून गेला तेव्हा रसूलुल्लाह (स.) उभे राहिले. सोबतच्यांनी सांगितलं की तो एका यहुदी माणसाचा जनाजा होता. त्यावर त्यांनी विचारलं की तो एक जीव नव्हता का? मेलेल्या माणसाचा मान त्याच्या नावावर किंवा जमातीवर अवलंबून नाही, हे यापेक्षा सोप्या शब्दांत कसं सांगणार?

आपण दफन करणारे लोक आहोत. कबरीवर बसू नये, तिच्यावरून चालू नये, हे आपल्याला लहानपणापासून सांगितलं जातं. आपली कबर साधी. एक कफन आणि माती, ना घोडा, ना दागिना. त्यांची रीत वेगळी होती आणि ती आपली नाही. पण आपल्या माणसाला मातीत ठेवताना त्यांचेही हात थरथरले असतील. ज्या धोंड्याला हलवायला आज पाच-सहा माणसं लागतील, असे कितीतरी धोंडे त्यांनी एका माणसासाठी ओढत आणले. रडल्याशिवाय कुणी एवढं करत नाही.

आणि आपल्या कब्रस्तानांचा प्रश्न? तो या प्रश्नाच्या आड येत नाही, उलट याच्याशी जोडलेला आहे. विचारणारं कुणी उरलं नाही म्हणून एक कबर नांगरता येते, असं आज आपण मान्य केलं, तर उद्या आपल्या एखाद्या उजाड गावातल्या जुन्या कब्रस्तानासाठी आपण कोणत्या तोंडाने बोलणार?

खुद्द अभ्यासकही कबर उघडतात, त्याचं काय? हा प्रश्नही रास्त आहे. फरक इतकाच की ते परवानगी घेऊन, इंच-इंच मोजून, प्रत्येक वस्तूची जागा लिहून काम करतात. त्यातून त्या माणसाची ओळख मिळते. गुप्तधनवाला मात्र रात्री खड्डा करतो, मडकी फोडतो, हाडं फेकतो आणि रिकाम्या हाताने जातो. कारण तिथे हंडा नसतोच. असतात ते गंजलेले लोखंडी तुकडे आणि मातीची खापरं. बाजारात त्यांची किंमत शून्य, पण कबरीत आपल्या जागी असेपर्यंत तेच आपल्याला सगळं सांगतात.

आपण काय करू शकतो?

धोका कुठून आहे ते आधी समजून घ्या. बांधी सपाट करताना धोंडे ढकलून धुऱ्याला लावले जातात. रस्त्याच्या भरावासाठी मुरूम आणि दगड काढले जातात. कालवे, खाणी, नवीन वसाहती होतात. पापामियां टेकडीपर्यंत शहराची बांधकामं पोहोचलीच आहेत. यातले बहुतेक लोक वाईट हेतूने काही करत नाहीत. त्यांना तो फक्त दगड वाटतो. म्हणून माहिती पोहोचवणं हेच पहिलं काम.

कायदाही माहीत असावा. राष्ट्रीय महत्त्वाचं म्हणून संरक्षित असलेल्या जागेपासून १०० मीटरपर्यंत नवं बांधकाम करता येत नाही आणि त्यापुढच्या २०० मीटरमध्ये परवानगी लागते. अशा स्मारकाचं नुकसान केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. जमिनीत पुरलेली जुनी मौल्यवान वस्तू सापडली तर १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं, मग जमीन स्वतःची का असेना. गुप्तधनासाठी अघोरी प्रकार करणं हा तर महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. पण बहुतेक दगड कोणत्याच यादीत नाहीत. त्यांना वाचवणारी फक्त गावातली माणसं.

म्हणून इतकं तरी करू या.

एक, असे दगड दिसले तर हलवू नका, त्यांवर रंग-चुना लावू नका, नवी चादर किंवा झेंडाही लावू नका. जुन्या जागेला नवं रूप दिलं की तिची खरी ओळख बुजते आणि नसता वाद उभा राहतो.

दोन, फोटो काढा. शेजारी माणूस उभा करा म्हणजे आकार कळेल. गाव, तालुका, जवळचा नाला किंवा तलाव लिहून ठेवा. मग तहसीलदार, नागपूरचं पुरातत्त्व सर्वेक्षणाचं कार्यालय किंवा राज्याच्या पुरातत्त्व विभागाला लेखी कळवा. नेमकी जागा सोशल मीडियावर टाकू नका, खणणारेही ती वाचतात.

तीन, शेत तुमचं असेल आणि वर्तुळ मधोमध असेल तर तेवढा तुकडा न नांगरता सोडा. आम्हाला माहीत आहे, दोन-तीन एकरवाल्याला तेवढी जमीनही जड जाते. पण निदान खालची माती उकरू नका.

चार, कुणी गुप्तधनाचं बोलू लागलं तर त्याला जागेवरच थांबवा. यात आपली तरुण मुलंही फसतात, पैसे जातात आणि पोलिसांत नाव जातं.

पाच, उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलांना नागपूरला नेलं तर अजब बंगल्यात न्या. महापाषाण काळातल्या वस्तूंपाशी थोडं थांबा. ज्यांनी त्या घडवल्या त्यांचं नाव कुणाला माहीत नाही, हे मुलांना सांगा. मग विचारा, आपल्या पणजोबांच्या वडिलांचं नाव तुला माहीत आहे का? बहुतेक घरांत उत्तर नाही असंच येईल. नाव विसरायला तीन हजार वर्षं लागत नाहीत, चार पिढ्या पुरतात.

नाव गेलं तरी कबर कबरच असते. पुढच्या वेळी धुऱ्यावर गोल रचलेले दगड दिसले तर मधून जाऊ नका, बाजूने जा.